भिंगे घासणारा तत्त्ववेत्ता : बारुख स्पिनोझा

ज्याचे चरित्र या अंकी सांगावयाचे योजिले आहे तो पुरुष कोणत्याही पंथाने आपला म्हणून पूजिलेला नाही. ज्या यहुदी कुळात तो जन्मला त्या समाजाने त्याला वाळीत टाकले; ज्या ख्रिस्ती लोकांत तो राहिला त्यांच्या धर्माधिकाऱ्यांनी त्याचे ग्रंथ बंद पाडविले; आणि त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षेपर्यंत युरोपखंडात कोणाला नास्तिक म्हणून शिवी द्यावयाची झाली तर त्याचे नाव घेत. पुढे वारा फिरला, आणि त्याच खंडातले कवी व पंडित म्हणू लागले की, या माणसाला ईश्वरावाचून दुसरे काही दिसतच नव्हते! एकाच मनुष्याविषयी नास्तिक आणि ईश्वरवेडा अशी दोन मते जगात कशी चालू झाली, हे समजण्यास त्याची हकीकत पहिल्यापासून ऐकली पाहिजे.

१४९२ साली स्पेनच्या राजाराणीने आपल्या राज्यातील यहुद्यांना फर्मान काढले की, ख्रिस्ती व्हा, नाहीतर चालते व्हा. हजारो लोक शेजारच्या पोर्तुगालात आले. तेथे पाच वर्षे लोटतात न लोटतात तोच १४९७ साली तेथल्या राजाने त्यांना सरसकट बाटविले. मग ही मंडळी बाहेरून ख्रिस्ती आणि आतून यहुदी असे दुहेरी जिणे जगू लागली. शुक्रवारी सांजवेळी दार लावून दिवा लावावा आणि रविवारी चारचौघांदेखत चर्चमध्ये गुडघे टेकावेत, असा प्रकार. त्यात १५३६ साली पोर्तुगालात धर्मन्यायालय बसले. हेच ते इन्क्विझिशन. त्याची एक शाखा १५६० साली गोव्यात येऊन बसली आणि तिच्या झळा आपल्या गोमंतकाने दोन-अडीचशे वर्षे सोसल्या; तेव्हा मराठी वाचकाला त्याचे वर्णन निराळे करून सांगावयास नको. शेजारी चुगली करी, हेर घरात शिरे, आणि माणूस तुरुंगातून एकदम जळत्या चितेवरच जाई.

या जाचाला कंटाळून पुष्कळ कुटुंबे उत्तरेकडे हॉलंडात पळाली. हॉलंडचे लोक तेव्हा स्पेनच्या राजाशी झगडून स्वतंत्र होत होते, आणि त्यांच्या ॲम्स्टरडॅम बंदरात जगाचा व्यापार चाले. तेथे यहुद्यांना राहू दिले, पण अटी घालून. नगरपालांनी सांगितले की, ख्रिस्ती धर्माविरुद्ध ब्रही काढता कामा नये, आणि तुमचा जो काही धर्म असेल तो नीट पाळा. म्हणजे पाहा, आसरा मिळाला तो परक्याच्या ओसरीवर! आपल्यातला एखादा भलतेसलते बोलला तर सगळ्यांवर संक्रांत येईल, ही धास्ती त्या समाजाच्या पंचांना रात्रंदिवस असे. पुढे जे घडले त्यात त्या पंचांना निव्वळ दुष्ट ठरविण्याची घाई करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

अशा या वस्तीत मिखाएल डि स्पिनोझा नावाचा एक व्यापारी होता. मनुके, अंजीर, बदाम असा दक्षिणेकडचा सुका मेवा मागवून तो विकी. समाजात वजन होते, पंचांतही त्याची निवड झालेली. २४ नोव्हेंबर १६३२ रोजी त्याला मुलगा झाला. घरात पोर्तुगीज बोलत म्हणून घरचे नाव बेंतो, प्रार्थनामंदिरात हिब्रू चाले म्हणून तेथले नाव बारुख, आणि पुढे ग्रंथकर्ता झाल्यावर लॅटिन नाव बेनेडिक्टुस. तिन्ही नावांचा अर्थ एकच, तो म्हणजे आशीर्वाद लाभलेला. आशीर्वाद कसला आणि काय, ते पुढे येईलच! सहावे वर्ष पुरे होण्याआधीच आई गेली.

मुलगा समाजाच्या पाठशाळेत हिब्रू शिकला, धर्मग्रंथ मुखोद्गत केले, त्यांवरची भाष्ये वाचली. बुद्धी तीक्ष्ण. हा पुढे मोठा राब्बी होणार असे लोक म्हणत, असे जुने चरित्रकार लिहितात. परंतु सोळा-सतरा वर्षांचा होतो न होतो तोच थोरला भाऊ वारला आणि याला दुकानी बसावे लागले. १६५४ साली बापही गेला. मागे धंदा राहिला तो कर्जाने पोखरलेला. इंग्रज-डच लढाईत जहाजे सापडून बुडीत खाती वाढलेली. बारुखने धाकट्या भावाबरोबर पेढी चालवून पाहिली, पण हिशेबाच्या वहीत जीव रमेना.

लहानपणची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण तिचे सावट या सबंध चरित्रावर आहे. त्याच शहरात उरिएल द कोस्ता नावाचा एक गृहस्थ होता. पोर्तुगालातून धर्मासाठी घरदार सोडून तो आला. आणि येथे आल्यावर राब्बींनी रचलेल्या आचारांवर टीका करू लागला, आत्मा अमर आहे याबद्दलही शंका काढू लागला. त्याला वाळीत टाकले. वर्षानुवर्षे एकटा राहून तो खचला आणि शरण आला. तेव्हा, १६४० साली, भरल्या प्रार्थनामंदिरात त्याला उघडा करून खांबाला बांधले, एकोणचाळीस फटके मारले, आणि मग उंबरठ्यावर आडवा निजवून सर्व मंडळी, पोरे-म्हातारेसुद्धा, त्याच्यावरून ओलांडून बाहेर गेली. घरी जाऊन त्याने पिस्तूल झाडून घेतले. बारुख त्या वेळी सात-आठ वर्षांचा होता. त्या दिवशी तो तेथे होता की नव्हता याची नोंद नाही. पण एवढ्याशा वस्तीतल्या पोराच्या कानावर ही गोष्ट गेली नसेल हे संभवतच नाही.

दुकानदारी करता करता त्याला लॅटिन शिकण्याची इच्छा झाली. त्या काळी युरोपात शास्त्र म्हणून जे काही होते ते लॅटिनमध्ये. आपल्याकडे संस्कृत, तसेच ते. फ्रान्सिस्कस व्हान डेन एंडेन नावाचा एक माजी जेसुइट पाद्री शहरात पाठशाळा चालवी. गुरू मोठा चमत्कारिक मनुष्य! नाटके बसवावीत, नव्या शास्त्रांची चर्चा करावी, राजसत्तेपेक्षा लोकसत्ता बरी असे उघड म्हणावे. पुढे म्हातारपणी फ्रान्सच्या राजाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १६७४ साली पॅरिसमध्ये त्याला फाशी दिले. या गुरूकडे बारुखला लॅटिन तर आलेच, शिवाय देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचे नवे विचारही हाती लागले. गुरूच्या मुलीवर त्याचे मन बसले होते आणि दुसऱ्या एका शिष्याने मोत्यांची माळ देऊन तिला जिंकले, अशी एक आख्यायिका आहे. ती मुलगी लॅटिनमध्ये पारंगत होती आणि १६७१ साली तिचे त्या दुसऱ्याशी लग्न झाले, एवढे खरे. बाकी चरित्रकारांनी फोडणी दिली असावी. आमच्या कीर्तनकारांनाच ती खोड आहे असे नव्हे!

आता समाजात कुजबुज सुरू झाली. बेंतो धर्मग्रंथांबद्दल काहीबाही बोलतो, म्हणे ईश्वराला देह असू शकतो, म्हणे मोशेने सगळे लिहिलेले नाही. पंचांनी त्याला बोलावले, समजाविले. वर्षाला एक हजार गिल्डर घे, मनात काय वाटेल ते असो, अधूनमधून प्रार्थनेला येऊन बस, असे त्याला सांगून पाहिल्याचे कोलेरुस नावाचा पाद्री आपल्या चरित्रात लिहितो. एका रात्री कोणी माथेफिरूने त्याच्यावर सुरी चालविली, ती अंगरख्यात अडकली, आणि तो फाटका अंगरखा त्याने जन्मभर जपून ठेवला, असेही सांगतात. एक हजार गिल्डर म्हणजे त्या कर्जबाजारी तरुणाला थोडीथोडकी रक्कम नव्हे. त्याने ती घेतली नाही.

२७ जुलै १६५६ रोजी प्रार्थनामंदिरात बहिष्कारपत्र वाचले गेले. तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्या समाजाने त्या शतकात अनेकांना वाळीत टाकले. कोणाला वर्गणी थकविली म्हणून, कोणाला भांडणासाठी; आणि बहुतेक थोड्या दिवसांनी दंड भरून परत घेतले जात. परंतु या पत्रातील भाषा इतकी जहाल आहे की तिच्या तोडीचे दुसरे पत्र त्या दप्तरात नाही. दिवसा-रात्री, निजता-उठता, जाता-येता त्याला शाप. त्याचे नाव या आकाशाखालून पुसले जावो अशी प्रार्थना. आणि मग हुकूम, की कोणी त्याच्याशी बोलू नये, लिहू नये, एका छपराखाली राहू नये, त्याच्या चार हातांच्या आत येऊ नये, त्याने लिहिलेले वाचू नये. नेमका अपराध काय, ते मात्र पत्रात नाही. घोर पाखंड आणि भयंकर कृत्ये एवढेच मोघम शब्द आहेत. गंमत अशी की त्याने तोवर एक ओळही छापलेली नव्हती!

वाळीत पडणे म्हणजे काय, हे खेड्यात ज्यांनी पाहिले आहे त्यांना समजेल. सख्खा भाऊ, बहीण परके झाले. पेढी सुटली. बापाच्या इस्टेटीवरून बहिणीशी तंटा झाला. त्याने न्यायालयात आपला हक्क सिद्ध केला, आणि मग सगळे तिलाच देऊन टाकले, फक्त एक पलंग ठेवला, असे सांगतात. तो पलंग आईबापांचा. चार खांबांचा, पडदे असलेला. पुढे ज्या ज्या भाड्याच्या खोलीत तो राहिला तेथे हा पलंग त्याच्याबरोबर गेला, आणि शेवटी त्याच्या सामानाच्या यादीतही सापडला. तत्त्वज्ञ जसजसा एकटा होत गेला तसतसा हा पलंग मला त्याच्या चरित्रात मोठा वाटू लागतो.

लोकांनी तर्क केला की आता हा ख्रिस्ती होईल. तो झाला नाही. त्या काळी धर्मावाचून माणूस ही कल्पनाच नव्हती. एक गोठा सोडला की दुसऱ्यात शिरलेच पाहिजे. हा कुठेच शिरला नाही. आपल्या बचावादाखल त्याने स्पॅनिश भाषेत काही लिहिले होते म्हणतात, ते आज उपलब्ध नाही.

पोटासाठी त्याने भिंगे घासण्याची कला उचलली. दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक ही दोन यंत्रे त्या वेळी नवीन होती. आकाशातले आणि पाण्याच्या थेंबातले जग एकदम उघडले होते, आणि चांगल्या भिंगांना फार मागणी होती. काम असे, की काचेची चकती घ्यायची, धातूच्या खोलगट साच्यात वाळू नाहीतर कुरुंदाची पूड ओली करून तीवर ती तासन्‌तास फिरवायची, मग अधिक बारीक पूड, मग त्याहून बारीक, आणि अखेरीस झिलई. हात जरा चुकला की सगळे पाण्यात. क्रिस्तियान हौखेन्स हा हॉलंडचा अव्वल शास्त्रज्ञ, शनीचे कडे ज्याने ओळखले तो, भिंगांसाठी यंत्र करवीत होता. स्पिनोझाचे मत असे की गोल भिंगाला यंत्रापेक्षा मोकळा हातच भरवशाचा. आणि त्याच्या भिंगांची झिलई उत्तम असते हे त्या हौखेन्सनेही मान्य केले आहे. दिवसा हे काम करावे, रात्री दिव्यापाशी लिहावे. काचेची बारीक धूळ मात्र नाकातोंडात जात राहिली.

१६६१ च्या सुमारास ॲम्स्टरडॅम सोडून तो लायडनजवळ राइन्सबुर्ख या खेड्यात एका वैद्याच्या घरी भाड्याने राहिला. त्या गावी कॉलेजियंट नावाची काही साधी ख्रिस्ती मंडळी असत. त्यांच्यात पाद्री नाही, कर्मकांड नाही, जमावे आणि ज्याला सुचेल त्याने बोलावे. त्याचे स्नेही बहुतेक यांच्यासारखेच, व्यापारी आणि वैद्य. तेथून १६६३ साली हेगजवळच्या फोरबुर्ख गावी, आणि पुढे १६७० च्या सुमारास खुद्द हेग शहरात. अखेरीस व्हान डेर स्पाइक नावाच्या एका चित्रकाराच्या घरी वरच्या मजल्यावर एक खोली घेतली आणि मरेपर्यंत तेथेच राहिला.

हयातीत स्वतःच्या नावाने त्याचा एकच ग्रंथ निघाला, १६६३ साली. तोही देकार्तचे तत्त्वज्ञान समजावून देणारा. दुसरा १६७० साली निघाला, आणि त्याने युरोप हादरले. त्यावर कर्त्याचे नाव नाही. छापला ॲम्स्टरडॅमला, वर गाव घातले हॅम्बुर्ख, आणि प्रकाशकाचे नावही बनावट. एवढे लपविण्यासारखे त्यात काय होते? दोन गोष्टी होत्या.

पहिली अशी, की धर्मग्रंथाचा अर्थ लावताना तो केव्हा, कोणी, कोणत्या भाषेत, कोणासाठी लिहिला हे तपासा. मोशेच्या नावावरच्या पाच पुस्तकांत मोशेच्या मृत्यूनंतरच्या गोष्टी आहेत, तेव्हा ती सगळी त्याने लिहिलेली असणे शक्य नाही. पैगंबरांना कल्पनाशक्ती मोठी होती, त्यांना भूमिती शिकवावयाची नव्हती. सबंध शास्त्राचे सार न्यायाने वागा आणि शेजाऱ्यावर प्रेम करा एवढेच. त्यापलीकडे ताऱ्यांचे आणि पदार्थांचे ज्ञान त्यात शोधू नका. मी जन्मभर ग्रंथ डोक्यावर घेऊन उभा राहिलेला मनुष्य. मला त्याची ही सगळी चिकित्सा रुचते असे नाही. ग्रंथ केव्हा लिहिला हे कळले म्हणजे तो का तारतो हे कळले, असे होत नाही. परंतु हिब्रू व्याकरणावर ज्याची मांड पक्की होती, पुढे ज्याने त्या भाषेचे व्याकरण लिहावयास घेतले, त्याच्या या प्रश्नांना नुसता शाप हे उत्तर नव्हते, हेही तितकेच खरे.

दुसरी गोष्ट राज्यासंबंधी. राज्य कशासाठी आहे? माणसांना भीतीने दडपण्यासाठी नव्हे, तर त्यांना निर्भयपणे आपली बुद्धी चालविता यावी म्हणून. कृतीवर कायद्याने बंधन घालता येते, घालावेच. पण मनात काय यावे यावर कोणत्याही राजाची सत्ता चालत नाही, आणि जो चालवू पाहतो तो प्रामाणिक माणसांना गुन्हेगार आणि लबाडांना राजनिष्ठ करून ठेवतो. सर्व राज्यपद्धतींत लोकसत्ता ही माणसाच्या स्वभावाला सर्वांत जवळची, असे त्याने साफ लिहिले. आज हे वाचून कोणी दचकत नाही. तेव्हा चौदावा लुई फ्रान्सच्या गादीवर होता.

बोलण्याची किंमत काय पडते, हे त्याला चांगले ठाऊक होते. आद्रियान कूरबाख या त्याच्या स्नेह्याने असेच विचार लॅटिनमध्ये न लिहिता डच लोकभाषेत लिहिले. पंडितांपुरते राहिले असते तर कदाचित चालले असते. पण सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत? १६६८ साली त्याला धरून दहा वर्षांची शिक्षा दिली, आणि वर्षभरात तो तुरुंगातच मेला. म्हणून १६७१ साली स्पिनोझाला जेव्हा कळले की आपल्या ग्रंथाचे कोणी डच भाषांतर छापीत आहे, तेव्हा त्याने पत्र लिहून ते थांबविले. पत्रे बंद करावयाच्या त्याच्या मोहरेवर गुलाबाचे फूल आणि सावध असावे अशा अर्थाचा एक लॅटिन शब्द कोरलेला होता. लोकभाषेत ज्ञान आणण्याचे मोल ज्या आमच्या मंडळींना कळते त्यांना त्याची ही सावधगिरी खटकेल. मलाही खटकते. पण कूरबाखच्या मरणानंतर त्याला नावे ठेवावयाला जीभ उचलत नाही. १६७४ साली सरकारने त्या ग्रंथावर बंदी घातलीच.

तरी एकदा ही सावधगिरी सुटली. १६७२ साली फ्रान्सच्या फौजा हॉलंडात घुसल्या. लोकसत्तेचा कैवारी यान डि विट याच्या हाती वीस वर्षे कारभार होता. सगळा दोष लोकांनी त्याच्यावर ठेवला, आणि २० ऑगस्टला हेगच्या तुरुंगाबाहेर त्याला व त्याच्या भावाला जमावाने ठार मारून प्रेतांची विटंबना केली. शांत म्हणून नावाजलेला स्पिनोझा ढसढसा रडला म्हणतात, आणि तुमच्याहून अधम रानटी कोणी झाले नाहीत अशा अर्थाचा फलक लिहून तो त्याच जागी लावावयास निघाला. घरमालकाने बाहेरून कडी लावली म्हणून वाचला. नाहीतर त्याच रात्री त्याचेही तुकडे झाले असते. ही गोष्ट त्याने स्वतः लाइब्निट्स या जर्मन तत्त्वज्ञाला पुढे सांगितली.

१६७३ साली हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापक होण्याचे निमंत्रण आले. पगार चांगला, तत्त्वचिंतनाची पूर्ण मोकळीक. एवढेच की प्रस्थापित धर्माला धक्का लावू नये. त्याने महिनाभर विचार केला आणि नम्रपणे नकार दिला. मोकळीक द्यावयाची ती कुठपर्यंत, याची रेघ कुठे आहे हे मला समजत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. एका श्रीमंत शिष्याने दोन हजार गिल्डर देऊ केले, ते परत केले. तो शिष्य मरताना सर्व संपत्ती याच्या नावे करीत होता, त्याला सांगितले की तुझा भाऊ असताना हे बरोबर नाही. शेवटी भावाने वर्षाला पाचशे द्यावयाचे ठरविले, तर याने तीनशेवर आणले. आमच्यात बिदागीवरून कुरकुरणाऱ्यांनी हा हिशेब उलट्या अंगाने पाहावा.

त्याचा दिनक्रम फार साधा. दुधातले सूप थोडे लोणी घालून, नाहीतर मनुके घातलेली पेज. एवढ्यावर दिवस जाई, आणि खर्च कसा काही आण्यांत भागे याची टिपणे कोलेरुसने पाहून लिहिली आहेत. करमणूक म्हणजे चिलीम, आणि कोळ्यांची झुंज पाहणे. घरमालकाच्या मुलांना तो सांगे की आईबापांचे ऐका, प्रार्थनेला जा. एके दिवशी घरमालकिणीने भीत भीत विचारले की, माझ्या धर्माने मी तरेन का? त्याने तिला सांगितले की, बाई, तुमचा धर्म चांगला आहे, दुसरा शोधू नका; फक्त त्याबरोबर शांतीने आणि सदाचाराने राहा म्हणजे झाले. लक्षात घ्या, ज्याला सगळे युरोप नास्तिक म्हणत होते त्याने त्या भोळ्या बाईची श्रद्धा चिमटीतही धरली नाही. वादाला पंडित होते. तेथे तो कोणाला सोडीत नसे.

आता त्याच्या मुख्य ग्रंथाकडे वळू. नाव नीतिशास्त्र, पण रचना भूमितीची. आधी व्याख्या, मग स्वयंसिद्ध विधाने, मग एकेक प्रमेय आणि त्याची सिद्धता. तर्कसंग्रहाबरोबर ज्यांनी पदकृत्य घोकले आहे त्यांना ही तऱ्हा परकी वाटणार नाही. व्याख्येतले प्रत्येक पद का घातले याचा विचार करीतच पुढे जावे लागते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. स्वतःच्या बळावर असणारे द्रव्य एकच असू शकते, दोन असूच शकत नाहीत. त्यालाच ईश्वर म्हणा, त्यालाच निसर्ग म्हणा. त्याचे गुण अनंत. त्यांतले दोन माणसाला कळतात, विचार आणि विस्तार. तुम्ही, मी, हा वृक्ष, ती भिंत हे सारे त्याच एकाचे प्रकार, सागरावरच्या लाटांसारखे. जे होते ते त्याच्या स्वभावाच्या नियमाने होते. तो कोणावर रागावत नाही, कोणाला बक्षीस देत नाही. माणूस स्वतःला स्वतंत्र समजतो, कारण त्याला आपली इच्छा कळते, इच्छेची कारणे कळत नाहीत. ती कारणे जसजशी कळू लागतात तसतसे मनोविकारांचे दास्य सुटते. आणि सर्व गोष्टी त्या एकात पाहता आल्या म्हणजे जे प्रेम उपजते, ते ज्ञानातून उपजलेले ईश्वरप्रेम, हीच मुक्ती. पण अट अशी, की असा प्रेम करणारा ईश्वराकडून उलट प्रेमाची अपेक्षा धरीत नाही.

येथे भाविकाचे पाऊल अडखळते. हाकेला ओ देणारा देव आम्हांला हवा. न बोलणाऱ्या नियमापुढे कोण रडेल? माझेही त्याच्याशी येथे पटत नाही. पण निष्काम प्रेमाची गोष्ट तोंडाने बोलणारे आपण पुष्कळ. ती इतकी उघडीवाघडी करून, फळाची शेवटची आशाही काढून टाकून, कोणी मांडली की आपल्याच काळजात चर्र होते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आपल्याकडचे काही विद्वान त्याला वेदान्ती करून टाकतात. तेवढे सोपे नाही. आचार्यांच्या मते जगत् मिथ्या. याच्या मते हे पसरलेले जगही ईश्वराचाच खरा गुण, त्यात मिथ्या काही नाही. शिवाय त्याने उपनिषदे पाहिली असणेही शक्य नाही. दारा शुकोहने ती फारसीत आणविली १६५७ साली, म्हणजे बहिष्काराच्या पुढच्याच वर्षी. आणि त्या फारसीवरून लॅटिन झाली १८०१-०२ मध्ये.

१६७५ साली हा ग्रंथ छापावयाचा म्हणून तो ॲम्स्टरडॅमला गेला, तो गावभर बोलबाला झाला की ईश्वर नाही असे सिद्ध करणारे पुस्तक येत आहे. त्याने बाड तसेच मेजाच्या खणात ठेवून कुलूप लावले. मग राज्यशास्त्रावर दुसरा ग्रंथ लिहावयास घेतला. राजसत्ता झाली, अल्पसत्ता झाली, लोकसत्तेचे प्रकरण सुरू केले आणि दोन-चार पानांतच लेखणी थांबली. त्या शेवटच्या पानांत बायकांना मताचा अधिकार नको असे त्याने लिहून ठेवले आहे. इतके सगळे पारखणारा हा मनुष्य येथे मात्र आपल्या काळाच्या पलीकडे गेला नाही, आणि युक्तिवादही त्याच्या मानाने फारच लंगडा आहे.

छातीचे दुखणे जुने होते. काचेच्या धुळीने ते वाढले असावे. रविवार २१ फेब्रुवारी १६७७. सकाळी खाली येऊन तो घरच्यांशी बोलला. ॲम्स्टरडॅमहून एक वैद्य स्नेही आला होता. त्याने कोंबड्याचा रस्सा करावयास सांगितला, आणि दुपारी तो याने थोडा घेतलाही. घरची माणसे चर्चला गेली. परत येऊन पाहतात तो सर्व आटोपले होते. वय चव्वेचाळीस. चार दिवसांनी हेगच्या नव्या चर्चमध्ये पुरले, आणि मागून सहा घोडागाड्या गेल्या.

त्याने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे घरमालकाने ते कुलूपबंद मेज नावेत घालून ॲम्स्टरडॅमच्या प्रकाशकाकडे पाठविले. त्याच वर्षाअखेर सर्व लेखन एकत्र निघाले, लॅटिनमध्ये आणि, त्याने हयातीत थांबविलेल्या, लोकांच्या डच भाषेतही; वर फक्त नावाची आद्याक्षरे. दुसऱ्या वर्षी त्यावर बंदी आली. इकडे बहीण वारसा सांगावयास आली. परंतु देणी भागविल्यावर हाती काही उरत नाही असे पाहून तिने हक्क सोडला. सामानाचा लिलाव झाला. दीडशेच्या वर पुस्तके, थोडे कपडे, भिंगे घासण्याची हत्यारे. त्या पुस्तकांची यादी राहिली, म्हणून पुढे तीच पुस्तके त्याच जुन्या आवृत्त्यांत जमवून १८९९ साली राइन्सबुर्खच्या घरात त्याचे स्मारक उघडता आले. आइन्स्टाइन १९२० साली तेथे जाऊन आला.

बहिष्कारपत्राची मूळ नोंद, पोर्तुगीज भाषेत लिहिलेली, ॲम्स्टरडॅमच्या नगर-दप्तरखान्यात आहे. तो बहिष्कार आता तरी उठवावा, अशी मागणी विसाव्या शतकात अनेकांनी केली. २०१५ साली त्याच पोर्तुगीज यहुदी समाजाने बाहेरचे विद्वान बोलावून त्यावर उघड चर्चा केली. दोन्ही बाजू ऐकून घेतल्यावर तेथील मुख्य राब्बींनी तो कायम ठेवला.